घंटाघराची चांगुणाबाई

मी रोशनपेठचं घंटाघर बोलतोय. जालन्याहून अंबडकडं निघालात की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यानं आत वळलात की गाव दिसायच्या आधी मी दिसतो. आधी माझं टोक, मग पांढऱ्या तबकड्या, आणि मग माझ्या पायाशी पसरलेला सगळा बाजार. सरकारी पाटीवर माझं नाव 'क्लॉक टॉवर' असं रंगवलंय, पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा "चला, घंटाघरवाले उतरा" असंच ओरडतो.

माझा जन्म निजामाच्या राजवटीतला. इथल्या तालुकदाराला हैदराबादेतली मोठमोठी घड्याळं फार आवडली होती. आपल्याही पेठेत तसं एक हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. मग माझं काम सुरू झालं. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचा विटा-चुन्याचा. यंत्र मात्र विलायतेहून आलं. बोटीनं मुंबईला, आगगाडीनं जालन्याला आणि तिथून बैलगाडीनं इकडं. वाटेत ओढ्यात गाडी रुतली. गवतात गुंडाळलेली माझी घंटा अर्धी बाहेर डोकावत होती. वैतागलेल्या गाडीवानानं चाबकाच्या दांड्यानं तिला एक टोला दिला, तर बैल असे बिचकले की रुतलेली गाडी एका झटक्यात वर आली. या मुलखात माझा आवाज पहिल्यांदा ऐकला तो त्या दोन बैलांनी.

मला चार तोंडं आहेत, चार दिशांना. चारही तबकड्यांत एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक असतो आणि गावानं तो बरोबर हेरून ठेवलाय. कचेरीत उशिरा पोचणारे मागं पडलेल्या तबकडीचा हवाला देतात, आणि दुकानं लवकर बंद करायची असली की व्यापारी पुढं गेलेल्या तबकडीकडं बोट दाखवतात. माझे आकडे रोमन आहेत, पण चाराला चार उभ्या रेघा आहेत. शाळेत शिकवतात त्याहून हे वेगळं, म्हणून पोरं माझ्याखाली उभं राहून वाद घालतात. घालू देत. त्या निमित्तानं ती वर तरी बघतात.

पोटात माझ्या दोन लोखंडी वजनं आहेत. एक काटे चालवतं, दुसरं घंटा वाजवतं. तारेच्या दोरावरून ती आठवडाभर हळूहळू खाली उतरतात. मग कुणीतरी वर चढून, हँडल फिरवून त्यांना पुन्हा वर घ्यावं लागतं. यालाच चावी देणं म्हणतात. चावी चुकली की मी बंद. एवढीच माझी खोड आहे, पण याच खोडीपायी पुढचं सगळं घडलं.

मी खूप पाहिलं. हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा माझ्या टोकावर तिरंगा चढला आणि सगळा बाजार नाचला. त्या दिवशी एकानंही माझ्याकडं वेळ बघायला म्हणून पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पुढं माझ्याकडं लक्ष द्यायला कुणी उरलं नाही. कितीतरी वर्षं मी नुसता उभा होतो. काट्यांवर कबुतरं बसायची आणि पायावर सिनेमाची पोस्टरं चिकटायची.

मला पुन्हा चालू केलं ते साहेबरावानं. नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्यातला हा माणूस. एकदा नुसतं बघायला म्हणून वर आला आणि माझ्यात अडकला. सुट्टीच्या दिवशी चाकं घासायचा, तेल द्यायचा. त्याची बायको चांगुणाबाई डबा घेऊन वर यायची. तो जेवेपर्यंत ती हँडलशी खेळायची, लंबकाखालची चाकी फिरवून बघायची. "आगं, हात नको लावू," तो म्हणायचा. "लावते," ती म्हणायची. असं करत करत तिला सगळं यायला लागलं.

साहेबराव अचानक गेला. त्याच्या जागी चांगुणाबाईला नोकरी लागली आणि माझी चावी तिच्याकडं आली. पहिल्या दिवशी ती लुगडं खोचून जिन्याकडं निघाली तेव्हा बाजारात कुजबुज झाली. "बाई वर चढनार? अन् ती बी..." एवढं बोलून लोक वाक्य अर्ध्यावर सोडायचे. ते अर्धं वाक्य तिला पूर्ण ऐकू यायचं. ती वर आली, तिनं चावी दिली, आणि दहाचे टोले पडले. खाली कुजबुजणाऱ्यांनी सवयीनं माना वर करून वेळ बघितली. तिथंच तो विषय संपला.

चांगुणाबाई म्हणजे मोठ्यानं हसणारी, मोठ्यानं भांडणारी बाई. चहात तीन चमचे साखर. माझ्याशी ती माणसाशी बोलावं तशी बोलते. उन्हाळ्यात मी मागं पडायला लागलो की म्हणते, "काय रं, ऊन लागलं का? थांब, तुला नीट करते." गुरुवारी आठवडी बाजार आणि गुरुवारीच माझी चावी. तीसेक वर्षांत तिचा एक गुरुवार चुकला नाही. ताप असला तरी आली. लेक पायल पुण्यात बाळंत झाली तेव्हा ती मधल्या गुरुवारी एसटीनं परत आली, चावी दिली आणि त्याच संध्याकाळी पुन्हा पुण्याला गेली. नोकरीतून निवृत्त झाली, पण तिच्या जागी कुणी आलंच नाही. मग तीच येत राहिली.

मला वाटायचं, हे असंच असतं. सूर्य उगवतो, तशी चांगुणाबाई येते.

यंदा थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. चावी देऊन ती माझ्या पायरीवर शेंगा फोडत बसली होती. शाळेत शिकवणारा संघपाल मोटारसायकलवरून आला. विहारातले कार्यक्रम तोच बघतो.

"जय भीम, आजी! यात्रेची बस ठरली. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी. तुमच्यासाठी खिडकीची सीट धरलीय."

"जय भीम रे बाबा," ती म्हणाली. "किती दिवसाची हाय?"

"पंधरा-सोळा दिवस लागतील."

तिनं शेंगांची टरफलं पदरातून झटकली. "मंग न्हाई जमायचं. मधी दोन गुरुवार येतेत."

"गुरुवारचं काय?"

"ह्याला चावी कोन देईन?" तिनं अंगठा मागं करून मला दाखवलं. "साहेबराव म्हनायचे, तुला एकदा कुशीनगरला नेतो. तथागतानं जिथं डोळे मिटले तिथं सांजच्याला दोघं बसू. ते गेले अन् मी हितंच अडकले. जाऊ दे. तुमी या जाऊन."

'अडकले' हा शब्द तिनं सहज उच्चारला आणि पुढची शेंग फोडली. पण माझ्या पोटातली दोन्ही वजनं जड झाली. या बाईनं मला शिव्या घातल्यात, माझ्यावर लाथा झाडल्यात, पण असं ती कधी बोलली नव्हती. मी काय करू शकत होतो? मनात आलं, बंदच पडावं, म्हणजे ती सुटेल. पण मग ती नीट करायला आणखी चार दिवस वरच बसली असती. शिवाय घड्याळाला स्वतःच्या मनानं बंद पडता येत नाही. मी चालत राहिलो.

समोरच सोमेश्वरचं मिठाईचं दुकान आहे. सोमेश्वर मनानं वाईट नाही, पण त्याचं माझ्याशी हाडवैर आहे. दुपारी साखरेच्या पोत्याला टेकून तो डुलकी काढतो आणि बरोबर त्याच वेळी माझे टोले पडतात. घंटा बंद करा म्हणून त्यानं नगर परिषदेकडं किती वेळा तक्रार केली असेल, देव जाणे. संघपालचं बोलणं ऐकून तो गल्ल्यावरूनच ओरडला, "मावशी, जा की बिनधास्त! पंधरा दिवस ह्याची घंटी बंद राह्यली तर गावाला झोप तरी लागन!"

चांगुणाबाई ताडकन उठली. "माझ्या जिवंतपनी हे बंद पडायचं न्हाई, सोमेश्वरभाऊ! न्हाई जायचं मला कुठं!"

तेवढ्यात दुकानाच्या आतून सोमेश्वरची बायको सुरेखा हात पुसत बाहेर आली. "मावशी," ती म्हणाली, "मी देते चावी."

सोमेश्वर गल्ल्यावरून उठलाच.

"तू?" सोमेश्वर म्हणाला. "येडी झाली का? ती काय पुरनाची पोळी हाय?"

"ह्या दुकानात खवा कोन घोटतं? तुमी?" सुरेखानं बाही वर सारली. "सकाळपासून दुपारलोक कढईपाशी उभी असते मी. हे दंड बघा."

चांगुणाबाईनं पुढं होऊन तिचा दंड टरबूज बघावं तसा दाबून बघितला. "हाय," ती म्हणाली. "दम हाय."

"लोक काय म्हनतील?" सोमेश्वर पुटपुटला.

"लग्न होऊन आले तवापासून खालून बघून राह्यले," सुरेखा म्हणाली. "वरून कसं दिसतं ते मला एकदा बघायचंय."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. माझा जिना अरुंद आहे, गोल गोल जातो आणि शेवटी लोखंडी शिडी लागते. पहिल्याच दिवशी सुरेखा अर्ध्यात मटकन खाली बसली. "मावशी, गरगरून राह्यलं."

"खाली बघू नको अन् वर बी बघू नको," चांगुणाबाई म्हणाली. "माझ्या टाचा बघ अन् ये."

टाचा बघत बघत ती वर आली. पश्चिमेच्या तबकडीत एक लहान झडप आहे. चांगुणाबाईनं ती उघडली आणि सुरेखानं भीत भीत बाहेर डोकं काढलं. मग ती ओरडलीच. "माझी गच्ची! माझ्या कुर्डया! मावशी, आख्खं गाव दिसतंय!" तिला स्टँड दिसला, विहाराचा घुमट दिसला, तळ्याकडची हिरवी पट्टी दिसली. मग तिची नजर सरळ खाली गेली. सोमेश्वर पोत्याला टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि गिऱ्हाईक म्हणून उभा असलेला माणूस शांतपणे ताटातली बर्फी उचलून खात होता.

"अहो!" सुरेखानं वरून हाक दिली. "उठा! बर्फी संपून राह्यली!"

सगळा बाजार थबकला आणि माझ्याकडं बघायला लागला. सोमेश्वर धडपडत उठला, त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि घाबरून मलाच हात जोडले. घंटाघर बोललं, असं तो माणूस अजून सांगत फिरतो. बर्फीवाला माणूस, सोमेश्वर नव्हे. वर दोघी बायका हसून हसून लंबकाशेजारी लोळायच्या बाकी होत्या.

सुरेखा पटापट शिकली. आधी काट्यांच्या वजनाला चावी द्यायची, मग घंटेच्या. टोले पडायच्या बेतात असताना हँडलला हात लावायचा नाही. दोर एकावर एक चढू द्यायचा नाही. ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा असा डबा दोघी माझ्या पोटात बसून खायच्या. एकदा जेवताना चांगुणाबाई सहज म्हणाली, "तुझे सासरे हायात होते तवा मला चहा पायरीवरच मिळायचा. ग्लास बी येगळा होता, खिळ्याला टांगलेला."

सुरेखानं आपल्या हातातली भाकरी मोडली आणि चांगुणाबाईच्या ताटातल्या ठेच्यात बुडवून खाल्ली. मग दोघी त्याच ठेच्यात भाकरी बुडवत राहिल्या. मी आपला टक टक करत राहिलो. अशा वेळी कुणीतरी आवाज करत राहिलेलं बरं असतं.

यात्रेची बस सकाळी माझ्याच पायाशी लागली. पांढऱ्या साड्यांनी सगळा चौक भरून गेला होता. चांगुणाबाईची साडी पांढरी, निळ्या काठाची, कोरी. ती बसच्या दारात एक पाय ठेवून सुरेखाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "तेल दोनच थेंब. जास्ती न्हाई. अन् झडप लावून घे, कबुतरं शिरतात."

"माहितीय, मावशी. आता चढा."

सोमेश्वरनं पेढ्यांचा पुडा आणून तिच्या हातात ठेवला. "रस्त्यानं खा. अन् घंटीची बिलकुल फिकीर करू नका. मी हाय न."

"तू हाय म्हनूनच फिकीर हाय," ती म्हणाली आणि सगळी बस हसली. मग तिनं मान मागं टाकून माझ्याकडं बघितलं. बस फाट्याकडं वळेपर्यंत मी ती निळी कड शोधत होतो.

पहिला गुरुवार सुरळीत पार पडला. सुरेखानं एकटीनं चावी दिली. खाली सोमेश्वर नखं खात उभा होता.

चांगुणाबाईनं एक नेम ठेवला होता. रोज संध्याकाळी सहा वाजता ती सोमेश्वरच्या मोबाइलवर फोन करायची. "हं, भाऊ. फोन भाईर धर. घंटी ऐकू दे." सोमेश्वर कुरकुरत दुकानाबाहेर यायचा आणि मोबाइल हात उंच करून माझ्याकडं धरायचा. टोले संपले की ती म्हणायची, "बराबर," आणि फोन ठेवायची. तीन-चार दिवसांनी मी पाहिलं, फोन यायच्या आधीच सोमेश्वर बाहेर येऊन उभा राहायला लागला होता. सुरेखानं विचारलं तर म्हणाला, "वारं खाऊन राह्यलो."

दुसऱ्या आठवड्यात मात्र गोंधळ झाला. दुपारी आभाळ काळंनिळं झालं, वारा सुटला आणि बोराएवढ्या गारा पडायला लागल्या. पत्र्यांवर असा आवाज की मला माझाच टोला ऐकू येईना. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. वाऱ्यानं तो उपटला, उंच उडवला आणि नेमका आणून माझ्या पश्चिमेच्या तबकडीवर गुंडाळला. गॉगल लावलेला तो भावी नगरसेवक माझ्या तोंडावर चिकटला, आणि फ्लेक्सच्या दोऱ्या काट्यांत अडकल्या. दोन्ही काटे जागीच खिळले. साडेचारच्या सुमाराला मी बंद पडलो.

बाजार आवरासावरीला लागला होता. माझ्याकडं बघायला कुणाला सवड होती? पाऊस थांबला, लोक पाणी उपसायला लागले. आणि सोमेश्वरचा मोबाइल वाजला.

"हं, भाऊ. फोन भाईर धर."

सोमेश्वर सवयीनं बाहेर आला. त्यानं हात उंच केला, वर बघितलं, आणि गॉगलवाला त्याच्याकडं बघून हसत होता. सोमेश्वरचा हात तसाच राहिला. "सुरेखा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे तर बंद हाय!"

"भाऊ? सहा वाजले की. घंटी कुठंय?" फोनमधून आवाज आला.

सुरेखा धावत बाहेर आली. तिनं वर बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. आता जिना चढून घंटेपाशी पोचायलाही उशीर झाला असता. मग सोमेश्वरनं काय करावं? त्यानं मोबाइल बायकोच्या हातात कोंबला, आत धावला, पेढ्यांची पितळी परात उलटी केली, एका हातानं काठाला धरून ती टांगती ठेवली आणि दुसऱ्या हातातल्या झाऱ्यानं हाणली. टण्ण! सगळा बाजार वळून बघायला लागला. टण्ण! घाम त्याच्या कानावरून ओघळत होता. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण! आणि भीतीपोटी मोजणं चुकून आणखी एक, टण्ण!

मग फोनमधून आवाज आला.

"घंटीला सर्दी झाली का रं, भाऊ?"

"गारा पडल्या न, मावशी," सोमेश्वर धापा टाकत म्हणाला. "गारठली."

"अन् टोले सात पडले?"

"ते... तुमी लई लांब हायेत न. म्हनून एक जास्तीचा."

मग ती म्हणाली, "बरं. ठेवते." फोन बंद झाला आणि सोमेश्वर परात मांडीवर घेऊन ओल्या पायरीवरच बसला.

लोक गोळा झाले. भाजीवाल्या, टेलर, रिक्षावाले. "मावशीला सांगायला पाहिजे," कुणीतरी म्हणालं.

"बिलकुल न्हाई!" सुरेखा म्हणाली. "सांगितलं तर त्या तिथंच उतरतील अन् पयल्या गाडीनं परत येतील. त्या आज कुशीनगरला हायेत. आज तर न्हाईच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या बाजारात कुणाच्या घरी काय भाजी झाली हेसुद्धा लपत नाही, त्या बाजारानं ही एक गोष्ट पोटात ठेवायची ठरवली.

सकाळी सुरेखा वर निघाली. झडपेतून वाकून फ्लेक्स सोडवायचा तर तिला मागून धरायला कुणीतरी हवं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं माझ्या उंचीकडं बघितलं. "चला," ती म्हणाली.

सोमेश्वर वर कसा आला ते मला विचारा. जिन्यात तो किती वेळा बसला ते सांगत नाही, त्याची अब्रू आहे. शिडीवर चढताना शिडी कण्हत होती की तो, ते मला ओळखू येत नव्हतं. वर पोचल्यावर त्यानं डोळे मिटले आणि सुरेखाच्या कमरेला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरून भिंतीला पाय रोवले. सुरेखानं कढईतलं लांब दांड्याचं उलथनं आणलं होतं. झडपेतून अर्धी बाहेर वाकून ती एकेक दोरी सोडवायला लागली. खाली सगळा चौक माना वर करून उभा होता.

"घट्ट धरलं का?" ती ओरडली.

"लग्नात हात धरल्ता त्याच्यापेक्षा घट्ट!" डोळे मिटूनच तो ओरडला.

शेवटची दोरी सुटली. गॉगलवाला गिरक्या घेत, डुलत डुलत खाली गेला आणि टेलरच्या छपरावर जाऊन बसला. चौकात शिट्ट्या वाजल्या. ओढाताणीत वाकलेला काटा सुरेखानं हातानं जमेल तेवढा सरळ केला. मग ती आत आली आणि तिनं माझ्या लंबकाला हलकेच ढकललं. टक. टक. टक. कालपासून माझ्या आत जे मुकं होऊन पडलं होतं ते पुन्हा सुरू झालं.

आता वेळ लावायची होती. मला मागं फिरवता येत नाही, पुढंच न्यावं लागतं, आणि मधल्या प्रत्येक तासाचे टोले पुरे होऊ द्यावे लागतात.

"साडेचारपर्यंत थांबू की मंग," सोमेश्वर म्हणाला.

"कोन थांबन?" सुरेखा म्हणाली आणि तिनं काटे पुढं सरकवले.

पाचचे टोले पडले. सहाचे. सातचे. रात्रभराचे राहून गेलेले टोले मी एका दमात दिले आणि माझा जन्माचा वैरी घंटेपासून हातभर अंतरावर, कानांत बोटं घालून बसला होता. खाली लोक प्रत्येक टोल्याला हसत होते. बारा वाजले तेव्हा त्यानं एका कानातलं बोट काढलं. सकाळच्या नऊवर आलो तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते.

"हितून ऐकलं तर एवढा वाईट न्हाई वाटत," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी फोन आला. सहा टोले पडले, माझे, खरे. "सर्दी गेली वाटतं," एवढंच ती म्हणाली.

बस परत आली तेव्हा गावानं माझ्या पायाशी रांगोळी काढली होती. चांगुणाबाई उन्हानं काळवंडली होती, पण चेहरा साहेबराव जिवंत असतानाचा होता. ती आधी वर आली. मला खालपासून वरपर्यंत बघितलं, दोर बघितले, तेल बघितलं. झडपेतून हात घालून वाकलेल्या काट्यावरून बोट फिरवलं. मग खाली उतरली. सुरेखानं तिला पायरीवर बसू दिलं नाही, हात धरून दुकानात नेलं आणि गल्ल्यामागच्या सोमेश्वरच्या खुर्चीवर बसवलं.

"भाऊ," चहाचा घोट घेऊन चांगुणाबाई म्हणाली, "परात कुठली होती? पेढ्याची का जिलबीची?"

सोमेश्वरच्या हातातला झारा खाली पडला. "तुमाला कळलं?"

"इतकी वर्सं जी घंटी कानाशी वाजली ती मला कळनार न्हाई? पयल्याच टोल्याला कळलं, बंद पडलं म्हनून."

"मंग बोल्ल्या का न्हाई, मावशी?" सुरेखानं विचारलं.

"बोलनार होते. पिशवी बी उचलली होती. संघपालला म्हनले, मला ठेसनावर सोड, माझं घंटाघर बंद पडलं." तिनं उरलेला चहा संपवला. "मंग मनात आलं, ज्या मानसाला माझी घंटी चालत न्हाई, तो भर बाजारात परात बडवून राह्यला. अन् सात टोले! मोजायचं बी भान न्हाई राह्यलं त्याला. मी म्हनलं, माझ्या मागं एवढी मानसं उभी हायेत, मी कशाला पळू? पिशवी खाली ठेवली. अन् अंधार पडस्तोवर तिथंच बसले. साहेबराव म्हनायचे तशीच."

सोमेश्वर उगाच आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सुरेखानं चांगुणाबाईच्या कपात पुन्हा चहा ओतला आणि न विचारता तीन चमचे साखर घातली.

आता माझं बरं चाललंय. एका गुरुवारी चांगुणाबाई येते, एका गुरुवारी सुरेखा. काटा अजून जरासा वाकडा आहे, आणि पश्चिमेची तबकडी आता सगळ्यांत मागं असते, त्यामुळं कचेरीतले लोक माझ्यावर फार खूश आहेत. मला काळजी एकच. या दोघींनी आता समुद्र बघायला मिळून जायचं ठरवलंय. दोघींनी कधीच बघितला नाही. म्हणजे एखाददुसरा गुरुवार कुणाचाच नसणार. गेल्या आठवड्यात दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि सोमेश्वर हँडलला लोंबकळत होता. वजन वीतभर वर आलं आणि तो तेवढाच खाली गेला.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या दंडात जोर असेल आणि इकडून जाणं झालं, तर गुरुवारी या. बाई असा, बाप्या असा, कुणी असा. दार उघडं असतं आणि शिकवायला दोघी तयार आहेत. मला माझ्यासाठी फारसं काही नको. या बायकांना सुट्ट्या मिळाल्या पाहिजेत, एवढंच. बारा होत आले. मोठं काम आहे, आता मला बोलणं थांबवावं लागेल.